रुईनंतरची राणी

लक्ष्मीकांत मोहोळकरांची लग्नं किती झाली असं कुणी विचारलं, की सरलाबाई "चार" म्हणून सांगायच्या. मोजायला बसलं तर बायका तीनच भरायच्या. पहिली हेमा, दुसरी सुचित्रा आणि शेवटची सरला. मग मधली कोण, म्हणून समोरचा डोळे मोठे करायचा, तेव्हा सरलाबाई शांतपणे म्हणायच्या, "रुई. झाड हो. मारुतीला पानं वाहता ना, ती रुई."

यात चेष्टा काही नव्हती. बार्शीकडच्या जुन्या माणसांचा तेव्हा पक्का समज, की दोन गेल्या तर तिसरीही जायचीच. मग यमाला चकवायचं कसं? तर नवऱ्याचं तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं. जे काय व्हायचं ते त्या झाडाचं होऊ दे, खरी नवरी चौथी ठरते आणि वाचते. त्यामुळे सरलाबाई मुंडावळ्या बांधून परसदारी तोंड फिरवून उभ्या, आणि पलीकडे भटजी त्यांच्या नवऱ्याचं लग्न एका झुडपाशी लावतायत, असा तो प्रकार. अक्षता काय, मंगळसूत्र काय, कशात म्हणून कसूर नाही. "माझ्याआधी तिचा मान," असं पुढे त्या हसून सांगायच्या. पण तेव्हा त्या पोरसवदा होत्या आणि त्यांना रडू फुटलं होतं, हे त्या कुणाला सांगत नसत.

झाड बिचारं मुकं, त्याचा काही त्रास नव्हता. त्रास होता तो माणसांचा. वरात घरी आली आणि सासूबाईंनी काळ्या पोतीत ओवलेले दोन टाक नव्या सुनेच्या गळ्यात घातले. टाक म्हणजे देव्हाऱ्यात असतो तसा चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. एक हेमाचा, एक सुचित्राचा. मेलेली सवत घर सोडत नाही, तिला मान दिला नाही तर ती संसारात खोडा घालते, म्हणून नव्या बायकोने तिला गळ्यात वागवायचं. हेमाचा टाक आधी सुचित्राच्या गळ्यात होता. सुचित्रा गेली तेव्हा तो उतरवून डब्यात ठेवला, तिच्या टाकाची त्यात भर पडली आणि जोडी सरलाच्या गळ्यात आली. "अंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत गं," सासूबाईंनी बजावलं. नाहीच काढले. मानेला मागे काळा वण पडला, उन्हाळ्यात खाजायचं, आग व्हायची, तरी नाही काढले.

लक्ष्मीकांतराव होते एअर फोर्समध्ये, वायरिंगच्या कामावर. हात चांगला म्हणून स्टेशनातला, म्हणजे एअर फोर्सच्या तळावरचा, सिनेमा चालवायची ड्यूटीही त्यांच्याच गळ्यात. सरलाबाई संसाराला अंबाल्याला गेल्या आणि पहिल्याच महिन्यात तिथे एक जुना इंग्रजी ऐतिहासिक सिनेमा लागला. इंग्लंडचा कुठलासा राजा, लठ्ठ, दाढीवाला, आणि त्याच्या एकीपाठोपाठ एक सहा राण्या. कुणाला सोडलं, कुणाचं मुंडकं उडवलं, कुणी बाळंतपणात गेली. झालं! शेजारणींना आयतं कोलीत मिळालं. सिनेमाच्या दारातच एकजण मोठ्यांदा म्हणाली, "मोहोळकर भाभी, आज तो आपके साहब की पिक्चर लगी है!" सगळ्या खदखदून हसल्या. दुसरी त्यात चांगुलपणाने म्हणाली, की पहिल्या दोघींनी हाच पिक्चर मशीनच्या खोलीत साहेबांच्या शेजारी स्टूल टाकून बघितला होता, आता तुमची पाळी. ती जुनी रिळं या स्टेशनातून त्या स्टेशनात फिरतच असायची, त्यामुळे हेमाच्या वेळीही तोच सिनेमा, सुचित्राच्या वेळीही तोच.

सरलाबाई दारातूनच मागे फिरल्या. त्या स्टुलावर त्यांना बसायचं नव्हतं. घरी येऊन कणीक तिंबत बसल्या आणि वाट बघू लागल्या, की हे येतील आणि विचारतील, "का गं, आली नाहीस?" ते आले, हात धुतले, जेवले आणि झोपले. एका शब्दाने विचारलं नाही. ती गोष्ट सरलाबाईंच्या मनात जी रुतली ती रुतली. पुढे संसार झाला, सुजय झाला, बदल्या झाल्या, शेवटची बदली लखनौजवळ बख्शी का तालाबला झाली आणि निवृत्तीनंतर लखनौतच विकास नगरात घरही झालं. भांडणं रीतीप्रमाणे होत होती. पण प्रत्येक भांडणाच्या तळाशी सरलाबाईंच्या मनात तेच, की मी यांच्या लेखी चौथी. दोघी गेल्या म्हणून आणलेली. तोंडाने मात्र त्यांनी ते कधी काढलं नाही.

आणि म्हातारपणी काय दैव बघा! लक्ष्मीकांतरावांचा मेंदू विसरायला लागला. आधी चष्मा, मग चाव्या, मग शेजारच्या अलीगंजहून घरी यायचा रस्ता. डॉक्टर म्हणाले, अलीकडचं आधी जाईल, जुनं राहील. म्हणजे कसं, सरलाबाईंना ते एका सकाळी स्वच्छ कळलं. चहा घेऊन त्या खाटेपाशी गेल्या, नवऱ्याने डोळे उघडले, गळ्यातल्या टाकांकडे बघून हसले आणि म्हणाले, "हेमा, आज लवकर उठलीस?"

तेव्हापासून त्या कधी हेमा, कधी सुचित्रा. सकाळी बहुतेक हेमा, संध्याकाळी सुचित्रा. चुकून एकदाही सरला नाही. पोराला ते "सुजय" म्हणायचे. लखनौची सून शिवांगी, कालपरवा घरात आलेली, तिलाही "शिवांगी बेटा" म्हणायचे. फक्त सरला कुठे राहिली नव्हती. "अहो, मी सरला," असं त्यांनी पहिल्यांदा सांगून बघितलं, तर ते घाबरेघुबरे होऊन "असं काय करतेस गं" म्हणत रडायला लागले. मग त्यांनी तेही सोडलं. सांगून कुठे नवरा ओळख देतो?

बार्शीहून नणंदेचा फोन आला. ती म्हणाली, "वहिनी, सवतींचंच काम हे. गेल्या पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घातलीस का?" गेल्या वर्षी घातली नव्हती, नवमीला लक्ष्मीकांतराव इस्पितळात होते.  यंदा सरलाबाईंनी बख्शी का तालाबहून एका मराठी सार्जंटच्या बायकोला बोलावलं, दोघींच्या नावाने पुरणाचं जेवण घातलं, दोन लुगडी दिली आणि मनातल्या मनात दोघींना हात जोडले. म्हणाल्या, बायांनो, सगळं तुमचंच होतं, मी नंतर आले. पण एकदा, फक्त एकदा यांच्या तोंडून माझं नाव येऊ द्या. मला बघून एकदा "सरला" म्हणू देत, मग खुशाल सगळं विसरू देत.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा हेमाच होत्या.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि एका रविवारी सुजय हजरतगंजच्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, अण्णांना जुन्या आवडीचं काही दाखवत जा. "आई, बघ काय मिळालं! अण्णा सांगायचे ना, तो राजाचा पिक्चर. सहा राण्यांवाला. केवढा शोधला यार, शेवटी एका बंद पेटीत निघाला."

सरलाबाईंचा चेहरा पडला. एवढ्या सिनेमांनी भरलेल्या दुनियेत पोराला नेमका हाच मिळावा? पण पोरगा बापासाठी गावभर हिंडून आला होता, त्याला काय सांगणार? "लाव," म्हणाल्या. "माझा ओटा आवरायचाय."

सुजयने कॅसेट घातली, कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. त्याला आणि शिवांगीला तिच्या माहेरी, अलीगंजला, साखरपुड्याला जायचं होतं. जाताना शिवांगी म्हणाली, "मम्मीजी, आप भी बैठ जाइए ना पापाजी के पास। अकेले क्या देखेंगे।" स्कूटर सुरू झाली, फाटक वाजलं आणि घरात ती दोघंच उरली. टीव्हीवर तुतारीवाले तुताऱ्या फुंकत होते.

"हेमा," लक्ष्मीकांतरावांनी हाक मारली. "अगं ये की, सुरू झाला. स्टूल घे."

अखेर तेच स्टूल! सरलाबाईंच्या मनात आलं, सरळ म्हणावं, तुमच्या हेमाला घेऊन बसा, मी चालले स्वयंपाकघरात. पण ते म्हातारं माणूस शेजारची जागा हाताने झटकत होतं, आणि तो चेहरा असा उजळला होता की कितीतरी महिन्यांत सरलाबाईंनी तसा बघितला नव्हता. त्यांनी पदराला हात पुसले आणि जाऊन बसल्या.

सिनेमा काळापांढरा, मधूनमधून पावसासारख्या रेघा. राजा मोठ्या सिंहासनावर, शेजारी राणीची लहान खुर्ची. राणी बदलली की नोकर यायचा आणि खुर्चीपुढचा पाय ठेवायचा चौरंग बदलून जायचा. उंच राणीला बुटका, बुटक्या राणीला उंच. खुर्ची मात्र तीच. इंग्रजी सरलाबाईंना कळत नव्हतं, पण चौरंग बदलताना कळायला भाषा कशाला लागते! तिसरी राणी आली तेव्हा तर त्यांना हसूच आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणीही.

लक्ष्मीकांतराव मात्र सिनेमा बघतही होते आणि चालवतही होते. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक काळा ठिपका चमकायचा. तो दिसला की ते बोट वर करायचे, श्वास धरायचे आणि दुसरा ठिपका आला की हवेतच खटका ओढायचे. रीळ संपत आल्याची ती खूण, तेव्हा दुसरं मशीन सुरू करायचं. एकदाही चुकले नाहीत. बायकोचं नाव गेलं होतं, तो ठिपका राहिला होता. मेलं हे कसलं डोकं, सरलाबाईंना वाटलं, ज्यात ठिपक्याला जागा आहे आणि मला नाही.

चौथ्या राणीची वरात होडीतून येत होती आणि लाईट गेली. विकास नगरात लाईट जायला काही कारण लागत नसे. टीव्हीची काच काळी झाली, कॅसेटच्या मशीनची घरघर थांबली.

लक्ष्मीकांतराव उठून उभे राहिले. "चला, शो संपला," म्हणाले. "हेमा, मी निघतो आता. सरला वाट बघत असेल."

सरलाबाई स्टुलावर बसल्या होत्या तशाच राहिल्या.  नाव आलं होतं! त्यांच्याच तोंडून, स्पष्ट. पण ते हेमा समजून सांगितलं होतं, सरलाविषयी. त्यांना मारलेली हाक नव्हती ती.

"कोण सरला?" त्यांनी विचारलं. आवाज आपला आपल्यालाच ओळखू येईना.

"अगं, माझी बायको." ते थोडे ओशाळले. "तू गेल्यावर... म्हणजे सुचित्राही गेली, त्यानंतर. तुला नाही का माहीत?"

"कशी आहे ती?"

खरं तर विचारू नये. हेमाच्या तोंडाने आपली चौकशी करायची म्हणजे चोरून ऐकण्यातला प्रकार. पण कुठल्या बाईला राहवेल हो?

लक्ष्मीकांतराव पुन्हा खाली टेकले. विचार करून करून बोलायला लागले. "तिखट आहे. तोंडाला लागू नये तिच्या. भांडली की दोन दिवस भांडी आपटते. पण भांडण कितीही होऊ दे, सकाळचा पहिला कप मलाच. सुजयला टायफॉइड झाला तेव्हा मी लेहला होतो. एकटीने काढलं पोराला त्यातून. मला कळवलंसुद्धा नाही, मी काळजी करेन म्हणून." त्यांनी काळ्या पडलेल्या टीव्हीकडे बघितलं. "तिला हा पिक्चर आवडत नाही. अंबाल्याला दारातून परत गेली होती. मी वरच्या झरोक्यातून बघितलं."

"मग विचारलं का नाही तिला?" सरलाबाईंच्या तोंडून निघूनच गेलं.

"काय विचारणार? तोंड नव्हतं मला. त्या बायका हसत होत्या, मला ऐकू येत होतं. घरी गेलो तर ती कणीक मळत होती. मी म्हटलं, आता विचारलं तर रडेल. उद्या विचारू. मग ते राहूनच गेलं." त्यांनी हात पुढे केला आणि सरलाबाईंच्या गळ्यातल्या टाकांना बोट लावलं. "तिच्या गळ्यात हे असतं. तुम्ही दोघी. मानेला वण पडलाय तिच्या, झोपली की दिसतो. कितीदा वाटलं म्हणावं, काढून ठेव गं, पुरे झालं. आई होती तोवर बोलता येईना, आणि आई गेल्यावर... तेही राहूनच गेलं. तुला राग नाही ना येणार, हेमा? तिने काढले तर?"

सरलाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि या माणसाने हे सगळं पोटात ठेवलं! बोलला असता तर काय जीभ झिजली असती? आणि आता बोलतोय तो कुणापाशी, तर मेलेल्या बाईपाशी. त्यांना त्याला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडून ओरडावंसं वाटलं, की अहो मीच ती, माझ्याशी बोला. पण तसं सांगितलं की तो घाबरून रडतो, हे त्यांना माहीत होतं.

"नाही येणार राग," त्या म्हणाल्या. "तिला म्हणावं, काढून ठेव."

"मग जातो मी. जेवायला थांबली असेल. माझ्याआधी जेवत नाही वेडी." आणि ते चपला शोधायला लागले.

दारात त्यांना अडवून उपयोग नसे, अडवलं की चिडत. फिरवून आणलं की आपोआप शांत होत. म्हणून लॅचचं दार ओढून घेऊन सरलाबाई बरोबर निघाल्या. दुपार डोक्यावर आली होती तरी ऊन कोवळं होतं, गच्च्यांवर बायका स्वेटर विणत बसल्या होत्या. कोपऱ्यावर नेहमीचा सब्जीवाला ठेला लावून उभा होता. लक्ष्मीकांतरावांनी त्याला विचारलं, "भैया, हमारी मिसेस आई थीं क्या सब्जी लेने? सरला नाम है।"

भैयाने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा सरलाबाईंकडे बघितलं. "अरे बाबूजी, माताजी तो ये..."

सरलाबाईंनी त्यांच्यामागून मान हलवली. भैया समजूतदार, गडबडून म्हणाला, "आती ही होंगी बाबूजी। मेथी रख दी है उनके लिए।"

"मेथी तिला आवडते," लक्ष्मीकांतराव सरलाबाईंना म्हणाले. आवडते, हे खरंच होतं. यांना हेही माहीत होतं तर!

चक्कर मारून दोघं घराच्या गल्लीत आली. फाटकाशी त्यांनी सरलाबाईंना हात जोडले. "बरं हेमा, तू ये आता. तिच्यासमोर नको. तिला वाईट वाटतं." आणि एकटेच दाराकडे गेले. लाईट नव्हती, बेल वाजेना, म्हणून कडी वाजवली. "सरला," म्हणाले. "अगं सरला, दार उघड."

ती हाक!  दाराआड कुणी नव्हतं. ज्या बाईला हाक मारली होती ती फाटकापाशी उभी होती. सरलाबाईंना एकदम सुचलं. ते हाक मारतायत ना? मग दार उघडायचं, सरलानेच. बाजूच्या बोळातून त्या अक्षरशः धावल्या, गुडघे विसरून. मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरल्या. माठातलं पाणी तोंडावर मारलं, आरशात बघून कुंकू नीट केलं. आणि मग त्यांची नजर गळ्याकडे गेली.

हे टाक दिसतात म्हणूनच त्यांना हेमा दिसते. दुसरं काय! आणि आता तर त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. सासूबाई डोळ्यांसमोर आल्या, नणंद आली, दोघी सवतीही आल्या असतील, पण सरलाबाई थांबल्या नाहीत. पोत डोक्यावरून काढली आणि मिठाच्या बरणीशेजारी फळीवर ठेवली. मान इतकी हलकी झाली की तोल जातो की काय असं वाटलं. गळ्यात आता फक्त त्यांचं मंगळसूत्र होतं. परक्या कुणाचं काही नाही.

पुढे पुन्हा कडी वाजली. "सरला!"

"आले हो, आले," असं म्हणत सरलाबाई गेल्या, नव्या नवरीसारखं त्यांचं काळीज धडधडत होतं, आणि त्यांनी दार उघडलं.

लक्ष्मीकांतराव हसत उभे होते. त्यांनी सरलाबाईंकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं, पुन्हा चेहऱ्याकडे बघितलं. ते हसू हळूहळू विझलं. ते एक पाऊल मागे सरले आणि परक्या बाईशी वागावं तसे अदबीने म्हणाले, "माफ करा हं. सरला आहे का घरात?"

सरलाबाईंनी चौकट धरली. इतके दिवस निदान हेमा होत्या, सुचित्रा होत्या. कुणाची तरी बायको म्हणून तो त्यांच्या हातचं खात होता, त्यांच्या शेजारी झोपत होता. आता त्या कुणीच नव्हत्या.

"तुम्ही कोण, बाई?" लक्ष्मीकांतरावांनी विचारलं. "नवीन राहायला आलात का इथे?"

"हो," सरलाबाई कशाबशा म्हणाल्या. "आत या. बाहेर गेलीय ती. येईलच."

ते आत आले, पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. सरलाबाईंनी ताट वाढलं. वरण-भात, भाजी, लोणच्याची फोड त्यांना आवडते तशी मऊ. "जेवून घ्या," म्हणाल्या. "गार होतंय."

"नको, नको. सरला येऊ दे." त्यांनी ताट हलकेच लांब सारलं. "ती माझ्यासाठी रोज थांबते. मी एकदा थांबलो तर काय बिघडलं?"

उभ्या संसारात हा माणूस बायकोसाठी जेवायचा कधी थांबला नव्हता. ड्यूटीवरून यायचा, ताटावर बसायचा, उठायचा. आज थांबला होता. सरलाबाईंनी तोंडावर पदर दाबला आणि स्वयंपाकघरात जाऊन मनमोकळं रडून घेतलं.

टाक तिथेच फळीवर होते. ते गळ्यात घातले असते तर त्या पुन्हा हेमा झाल्या असत्या, आणि हेमाने चार घास भरवले असते तर त्यांनी खाल्लेही असते. सरलाबाईंनी पोत हातात घेतली. म्हातारा माणूस, उपाशी बसलाय. पण तो आज सरलासाठी बसलाय, हेमाला बोलावून ते मोडायचं कसं? सवतींचा एवढा हेवा त्यांना आयुष्यात कधी वाटला नव्हता, आणि आज तो स्वतःचाच वाटत होता. जिच्यासाठी नवरा जेवायचा थांबलाय अशी ती सरला कोण भाग्याची! त्यांनी पोत परत ठेवून दिली.

बाहेर येऊन त्यांनी ताटावर झाकण घातलं आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"उशीर केला नाही तिने?" थोड्या वेळाने लक्ष्मीकांतराव म्हणाले. "तुम्हीही जेवला नसाल."

"माझं काही नाही," सरलाबाई म्हणाल्या. "मला सवय आहे."

"मग बसा. येईल ती."

बाहेर ऊन कललं. वरणावर साय धरली, भात सुकला. लक्ष्मीकांतराव दाराकडे बघत होते, सरलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि दोघंही सरलाची वाट बघत बसली होती.